जुनी दाबपात्रे आणि थंडीचा धोका

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. मी वर्गात मराठी आणि इतिहास शिकवतो. पोलादाशी माझा संबंध घरातल्या कुकरपुरता असावा, असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. परंतु आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांकडे जरा पाहा. फिटर, वेल्डर, रेफ्रिजरेशन मेकॅनिक हे ट्रेड घेऊन आय.टी.आय. करणारी मुले दरवर्षी निघतात आणि त्यांतली बरीचशी पुढे आखातातल्या वायूच्या व तेलाच्या कारखान्यांत पोचतात. तेथून ती अधूनमधून फोन करतात आणि एखाद्या इंग्रजी फॉर्मातल्या शब्दाचा अर्थ विचारतात. असाच एकदा ‘ब्रिटल फ्रॅक्चर असेसमेंट’ हा शब्द माझ्याकडे आला. ठिसूळपणामुळे होणाऱ्या भंगाची पारख, एवढा अर्थ शब्दकोश पाहूनही सांगता आला असता. पण विचारणाऱ्याचे तेवढ्याने समाधान होईना. “सर, टाकी तर वीस वर्षे चालते आहे, मग आता पारख कसली?” हा त्याचा खरा प्रश्न होता. आज त्याच प्रश्नाचे उत्तर आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे. हा विषय इंजिनिअरांनी आपसांत बोलण्यापुरता राहू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. कारण त्यातली चूक ज्याच्या अंगावर कोसळते तो बहुधा पाळीवरचा कामगार असतो.

प्रथम दाबपात्र म्हणजे काय ते पाहू. आत वायू किंवा द्रव दाबाखाली कोंडलेला आहे असे कोणतेही बंद भांडे म्हणजे दाबपात्र. स्वयंपाकघरातला कुकर हे त्यातले सर्वांत गरीब रूप. गॅसचे सिलिंडर, रस्त्याने जाणारा टँकर, कारखान्यातल्या पांढऱ्या गोल टाक्या, बर्फाच्या कारखान्यातला अमोनियाचा रिसीव्हर, ही सारी त्याच कुटुंबातली. या भांड्यांविषयी आपल्या मनात जी भीती असते ती उष्णतेची. शिट्टी वाजली नाही, आच वाढली, दाब चढला आणि भांडे फुटले, हा क्रम लहान मुलालाही समजतो. थंडीने भांडे फुटते हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. उलट थंड झाले म्हणजे निवले, निवले म्हणजे धोका टळला, अशीच आपली समजूत असते. पोलादाच्या बाबतीत ही समजूत घातक ठरू शकते.

गुळाची चिक्की आठवा. ताटात थापताना ती ऊन असते. ओढाल तशी लांबते, वाकवाल तशी वाकते. तीच गार झाली की वाकत नाही, कटकन मोडते. गूळ तोच, शेंगदाणे तेच. बदलले ते तापमान. साध्या पोलादाचे बरेचसे असेच आहे. नेहमीच्या तापमानाला पोलादावर ताण आला, तर आतल्या कणांचे थर एकमेकांवरून थोडे सरकतात, धातू ताणला जातो, फुगतो, आणि फुटण्याआधी बहुधा काही इशारा देतो. तापमान उतरत गेले की हे सरकणे अवघड होते. एका मर्यादेखाली धातू ताण सोसून वाकत नाही. कुठे बारीकशी चीर असेल तेथून तो उलतो आणि ती चीर सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने धावते. इतक्या वेगापुढे झडप बंद करायला किंवा पळून जायला कोणाला वेळ मिळावा? तांबे, ॲल्युमिनियम आणि आपल्या घरातल्या भांड्यांचे निकेलयुक्त स्टेनलेस स्टील यांना हा रोग नाही, कारण त्यांच्या कणांची रचनाच वेगळी आहे. म्हणूनच उणे १६२ अंशांना ठेवावा लागणारा द्रवरूप नैसर्गिक वायू साठवायला स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम किंवा नऊ टक्के निकेल असलेले पोलाद वापरतात.

हे ज्ञान जगाने फुकट मिळवलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईघाईने २७०० हून अधिक ‘लिबर्टी’ जहाजे बांधली. पूर्वी जहाजांचे पत्रे रिव्हेट मारून जोडत. ही जहाजे वेल्डिंगने जोडलेली होती. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंड येथील गोदीत ‘स्केनेक्टडी’ नावाचे कोरे करकरीत तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभे असताना मधोमध दुभंगले. वादळ नाही, टक्कर नाही, शत्रूचा पाणसुरुंग नाही. हवा तेवढी थंड होती. त्या काळातल्या इतर अनेक जहाजांनाही अशा चिरा गेल्या. पुष्कळांनी सारा दोष वेल्डिंगला दिला. केंब्रिज विद्यापीठातल्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषींनी मात्र दाखवून दिले की, मूळ दोष पोलादाच्या पत्र्यातच आहे: एका ठराविक तापमानाखाली तो चिवटपणा सोडून ठिसूळ होतो. वेल्डिंगने इतकेच केले की सगळे जहाज एकसंध झाले आणि रिव्हेटच्या जोडाशी जी चीर थांबली असती तिला पुढे जायला सलग रस्ता मिळाला. आपल्या मुलींनी हे नाव वहीत लिहून ठेवण्याजोगे आहे. केंब्रिजच्या इंजिनिअरिंग विभागात पूर्णवेळ अध्यापक झालेल्या त्या पहिल्या महिला होत.

त्याच्या पुढच्या वर्षी, २० ऑक्टोबर १९४४ रोजी, अमेरिकेतल्याच क्लीव्हलंड शहरात द्रवरूप नैसर्गिक वायूची टाकी फुटली आणि आगीत सुमारे १३० माणसे गेली. ती टाकी साडेतीन टक्के निकेलच्या पोलादाची होती. तेवढ्या निकेलने त्या थंडीपुढे भागत नाही, हे तेव्हा कळले.

आता ज्या घटनेवर मला थोडे थांबायचे आहे तिच्याकडे वळतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात लाँगफर्ड येथे एस्सो कंपनीचा वायू शुद्ध करण्याचा कारखाना आहे. समुद्रतळाखालून येणारा वायू येथे स्वच्छ होई आणि मेलबर्न शहराच्या चुली त्यावर पेटत. त्यातला पहिला विभाग १९६९ सालचा. वायूतले जड घटक शोषून घेण्यासाठी तेथे एक प्रकारचे तेल सतत फिरवले जाई. काही ठिकाणी ते तेल गरम असे आणि आपली उष्णता हीट एक्सचेंजर नावाच्या दाबपात्रांतून थंड द्रवाला देई. असे एक पात्र नेहमी शंभर अंशांच्या आसपास चाले. त्याला थंडी कधी माहीत नव्हती, आणि ते घडवताना थंडीचा विचार करण्याची कोणाला गरजही वाटली नव्हती.

२५ सप्टेंबर १९९८ च्या सकाळी गरम तेल फिरवणारे पंप बंद पडले आणि काही तास बंदच राहिले. उष्णता येणे थांबले. थंड द्रव मात्र येत राहिला. शंभर अंशांना चालणारे ते पात्र उणे ४८ अंशांपर्यंत उतरले. बाहेरून बर्फ धरले. जवळच्या दुसऱ्या एका पात्राच्या जोडातून गळती लागली, कारण धातू आकसला की जोड सैल पडतात. माणसे धावली, बोल्ट आवळून पाहिले, गळती थांबेना. मग जे कोणालाही सुचले असते तेच सुचले: पंप सुरू करावेत, गरम तेल सोडावे, पात्रे पुन्हा तापली की गळती आपोआप थांबेल. दुपारी साडेबाराच्या सुमारास गरम तेल त्या गोठलेल्या पात्रात शिरले आणि ते फुटले. बाहेर पडलेल्या वायूने पेट घेतला. दोन कामगार ठार झाले, आठ जखमी झाले, आग दोन दिवस धुमसत होती, आणि जवळजवळ दोन आठवडे व्हिक्टोरिया राज्यातल्या लाखो घरांत चूल आणि गरम पाणी नव्हते.

क्षणभर त्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. घरात पाण्याचा नळ गोठला तर आपण काय करू? गरम पाणी ओतू. त्यांनीही साध्या व्यवहारज्ञानाने तेच केले. उणे ४८ अंशांना हे पोलाद काचेसारखे झाले आहे, आणि काचेच्या थंड पेल्यात उकळता चहा ओतला की तो तडकतो तसे येथेही होईल, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. कंपनीने बोट कामगाराकडे दाखवले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, ज्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती डॅरिल डॉसन होते, १९९९ साली दिलेल्या अहवालात ते मानले नाही. गरम तेल बंद पडले तर काय करावे याची लेखी रीत तेथे नव्हती, प्रशिक्षण अपुरे होते. त्या विभागाची धोक्यांची पद्धतशीर तपासणी करण्याचे एकदा योजले होते, पण ती झालीच नाही. कारखान्यातले इंजिनिअर १९९२ साली मेलबर्नच्या कचेरीत हलवले गेले होते; ज्याला विचारावे असा जाणकार माणूस त्या सकाळी हाकेच्या अंतरावर नव्हता. २००१ साली न्यायालयाने कंपनीला वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. मी इतिहासाचा शिक्षक आहे. अहवाल वाचताना माझे लक्ष यंत्रापेक्षा माणसांवर अधिक जाते हे कबूल करतो. पण येथे यंत्र आणि माणूस वेगळे काढताच येत नाहीत.

ते पात्र एकोणतीस वर्षे बिनबोभाट चालले होते, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. ‘एवढी वर्षे काही झाले नाही’ हे वाक्य आपल्याकडे रामबाण उपाय असल्यासारखे वापरले जाते. त्या एकोणतीस वर्षांनी कशाची साक्ष दिली? पात्र शंभर अंशांना चांगले चालते, याची. उणे ४८ अंशांबद्दल ती वर्षे एक अक्षरही बोलत नव्हती. एखादा विद्यार्थी सात वर्षे मराठीत पहिला आला म्हणून तो गणितात उत्तीर्ण होईलच असे आपण धरतो का?

आता जुन्या पात्रांचा प्रश्न वेगळा का, ते सांगतो. थंडीतला चिवटपणा मिळण्यासाठी पोलादाचा कण बारीक हवा, कार्बन बेताचा हवा, गंधक आणि स्फुरद अगदी कमी हवेत. आज पत्रा तयार करतानाच हे साधतात. थोडे ॲल्युमिनियम घालून आणि पत्रा ठराविक तापमानाला तापवून हवेत निववून कण बारीक करतात. पूर्वीच्या पुष्कळशा पत्र्यांचा कण जाड असे. शिवाय पत्रा जितका जाड तितका तो ठिसूळ वागण्याकडे अधिक झुकतो. जाडी म्हणजे मजबुती, हा आपला अडाखा येथे उलटतो. घरच्या गॅस सिलिंडरचा पत्रा जेमतेम तीन मिलिमीटरच्या आसपास असतो. हॉटेलात मोठ्या शेगडीवर गॅस जोरात ओढला की सिलिंडरवर दव किंवा बर्फ धरते, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पंचवीस, चाळीस मिलिमीटरच्या टाकीची गोष्ट निराळी. त्यातही वेल्डिंगच्या जोडापाशी धातू निवताना आत कायमचा ताण शिल्लक राहतो. सगळे पात्र भट्टीत तापवून तो ताण घालवता येतो, पण जुन्या काळी हे दर वेळी होत नसे.

दक्षिण आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूम येथे १३ जुलै १९७३ रोजी खत कारखान्यातली अमोनियाची टाकी फुटली. तिच्या बशीसारख्या टोकाचा एक तुकडाच निखळला. ते टोक घडवल्यानंतर त्यातला ताण घालवलेला नव्हता, आणि त्याचे पोलाद नेहमीच्या हवेच्या तापमानालाही ठिसूळ होते असे चाचण्यांत आढळले. ३८ टन अमोनिया बाहेर पडला आणि १८ माणसे मेली. तेथे तर विशेष थंडीचीही गरज लागली नाही.

तर मग पारख करतात कशी? पोलादाच्या चिवटपणाची मूळ परीक्षा फार साधी आहे आणि शाळेच्या प्रयोगशाळेतही समजावून देता येईल. फ्रेंच शास्त्रज्ञ चार्पी यांच्या नावाने ती ओळखतात. पोलादाचा बोटाएवढा चौकोनी तुकडा घ्यायचा, त्याला मधोमध दोन मिलिमीटरची खाच पाडायची, हव्या त्या तापमानापर्यंत तो थंड करायचा आणि जड लोलकाचा एक फटका द्यायचा. तुकडा चिवट असेल तर तो मोडताना लोलकाची बरीच ताकद खातो आणि लोलक पलीकडे थोडाच वर जातो. ठिसूळ असेल तर खटकन मोडतो आणि लोलक जवळजवळ पहिल्या उंचीइतका पुढे जातो. मोडलेला भागही बोलतो: चिवट तुकड्याचा भंग मंद करडा व तंतुमय दिसतो, ठिसूळ तुकड्याचा साखरेसारखा चकाकतो.

प्रत्येक जुन्या टाकीचा तुकडा कापून काढणे काही शक्य नसते. म्हणून अनुभवावरून आलेख तयार केले आहेत. अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे ए.एस.एम.ई.ने, १९८७ साली आपल्या नियमात असे चार आलेख घातले. पोलादाचा प्रकार आणि पत्र्याची जाडी ठाऊक असली की वेगळी चाचणी न घेता किती थंडीपर्यंत जाता येईल, ते त्यावरून काढतात. त्याआधीच्या नियमाप्रमाणे साध्या पोलादाचे बहुतेक पात्र अशा चाचणीशिवाय उणे २९ अंशांपर्यंत चालत असे. नव्या आलेखांत एक इंच, म्हणजे सुमारे पंचवीस मिलिमीटर, जाडीचा पत्रा घ्या. सर्वांत हलक्या गटातला असेल तर मर्यादा उणे २९ नव्हे, चक्क अधिक २० अंशांच्या जवळपास येते. त्यावरच्या गटाला ती शून्याच्या आसपास, आणि बारीक कणाच्या उत्तम गटाला उणे ३४ च्या आसपास. हलक्या गटातलाच पत्रा दहा मिलिमीटर असेल तर मर्यादा उणे आठपर्यंत उतरते. पालकहो, या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्या. १९८६ साली उणे २९ अंशांना योग्य म्हणून शिक्का मारलेले पात्र १९८८ साली कोणी नव्याने बांधायला काढले असते, तर चाचणीशिवाय त्याला वीस अंशांखाली जाऊ दिले नसते. पात्रात काहीच बदल झालेला नाही; आपले ज्ञान बदलले आहे. नवा नियम जुन्या पात्रांना आपोआप लागू होत नाही, आणि तशी असंख्य पात्रे जगभर उभी होती. त्यांची पारख हा म्हणूनच स्वतंत्र विषय झाला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २००० साली ‘५७९’ या क्रमांकाचा ग्रंथ काढला. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या आणि ठिसूळ भंगाला त्यात एक पूर्ण प्रकरण आहे.

त्या प्रकरणातला विचार मला एखाद्या चांगल्या न्यायाधीशासारखा वाटतो. पहिली पायरी आलेखाची: पात्राची मर्यादा काढा आणि दाबाखाली असताना ते प्रत्यक्षात किती थंड होऊ शकते त्याच्याशी ताडून पाहा. येथे ‘होऊ शकते’ हे शब्द महत्त्वाचे. रोजचे तापमान पुरेसे नाही. पंप बंद पडला, झडप उघडी राहिली, वायू एकदम सोडून द्यावा लागला, तर काय होईल तेही मोजायचे. द्रवरूप वायूचा दाब अचानक काढला की तो उकळू लागतो आणि स्वतःला थंड करत जातो: अमोनिया उणे ३३ अंशांपर्यंत, प्रोपेन उणे ४२ पर्यंत, एथिलीन उणे १०४ पर्यंत. उन्हाळ्यातल्या भर दुपारी, बाहेर चाळीस अंश असतानाही, प्रोपेनची टाकी आतून एवढी गोठू शकते. आखातात कसली आली थंडी, असे म्हणणाऱ्यांसाठी हे सांगितले. कतारमध्ये उम्म सईद येथे एप्रिल १९७७ मध्ये दुर्घटनाग्रस्त झालेली प्रोपेनची प्रचंड टाकी वाळवंटातच होती आणि तिच्यातला माल उणे ४२ अंशांना साठवलेला होता.

पहिल्या पायरीवर पात्र नापास झाले म्हणजे ते भंगारात काढले असे नव्हे. दुसऱ्या पायरीवर त्याची बाजू ऐकून घेतात. दाब किती आहे? धातूवरचा ताण कमी असेल तर अधिक थंडी चालते. ठरलेल्या ताणाच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंत तो उतरला तर मर्यादा पुष्कळच खाली जाते. येथे निसर्ग थोडी मदतही करतो. प्रोपेन थंड होत जातो तसा त्याचा दाबही उतरतो. तीस अंशांना तो वातावरणाच्या दाबाच्या दहापटीहून अधिक असतो आणि उणे ४२ अंशांना वातावरणाइतकाच उरतो. म्हणजे पात्र गोठते तेव्हा त्यावरचा भारही हलका झालेला असतो. खरा धोका पुढच्या क्षणी असतो. धातू अजून गार आहे आणि कोणीतरी पंपाने, नायट्रोजनने किंवा गरम द्रव सोडून पुन्हा भार चढवतो. लाँगफर्डला काय झाले ते आता अधिक स्पष्ट होईल. आधी धातू सावकाश ऊबेला येऊ द्यावा, मग दाब चढवावा. एवढी एक ओळ त्या दिवशी भिंतीवर लावलेली असती तर!

पात्राच्या बाजूने आणखी एक साक्ष घेतात ती पाण्याच्या चाचणीची. नेहमीपेक्षा जास्त दाबाने पाणी भरून पात्र कधी तपासले आहे का, तेव्हा पाणी किती अंशांवर होते, त्यानंतर वेल्डिंगची दुरुस्ती झाली का? चाचणीत टिकलेल्या पात्राला काही सवलत मिळते. पण चाचणीही गार पाण्याने उरकून चालत नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबर १९६५ मध्ये १४९ मिलिमीटर जाडीचे एक नवे पात्र पाण्याच्या चाचणीतच फुटले आणि त्याचा सुमारे दोन टनांचा तुकडा ४६ मीटरवर जाऊन पडला. म्हणून धातू त्याच्या मर्यादेपेक्षा निदान सतरा अंश ऊबदार असताना चाचणी घ्यावी, असे सांगतात.

आणि वीस वर्षांच्या निर्वेध सेवेचे काय? तिलाही काही अटींवर मान आहे. त्या वर्षांत पात्राने पूर्ण दाबाखाली सर्वांत कमी किती तापमान पाहिले याची नोंद हवी, आणि पुढेही त्याच मर्यादेत काम चालणार असले पाहिजे. माल बदलला, उत्पादन वाढवले, पात्र एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेले, की जुनी साक्ष संपली. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. उत्तर देताना मी त्याला उलट विचारले की, वीस वर्षांची लॉगबुके आहेत का? तो हसला. लॉगबुकात तापमानाचा रकाना होता. पुष्कळ ठिकाणी ‘नॉर्मल’ एवढेच लिहिलेले होते.

तिसरी पायरी तज्ज्ञांची. तेथे चिरेची लांबी, ताण आणि धातूचा चिवटपणा यांचे गणित मांडतात. त्यात मी शिरत नाही.

आता आपल्या घराजवळचे. आपल्या किनाऱ्यावर मासेमारीच्या बंदरांलगत बर्फाचे कारखाने आहेत आणि त्यांत अमोनिया फिरतो. रोजचे तापमान तेथे उणे दहा-पंधराच्या आसपास असते. पण तेल काढताना, गॅस उतरवताना किंवा गळतीच्या वेळी एखादे पात्र उणे ३३ पर्यंत जाऊ शकते, आणि त्यानंतर गरम गॅस सोडून बर्फ वितळवण्याची रीतही आहे. जुन्या बाजारातून आणलेली पात्रे वापरणारे मालकही असतात. आपली मुले अशा ठिकाणी उमेदवारी करतात. तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक काम करावे. पात्रावर धातूची नावपट्टी असते, तिच्यावरचा रंग खरवडून ती वाचावी. दाबाचा आकडा बहुधा असतोच. त्याच्या शेजारी धातूच्या किमान तापमानाचा आकडा आहे का, ते पाहावे. अमेरिकन पद्धतीच्या पट्टीवर तो एम.डी.एम.टी. या चार अक्षरांपुढे असतो. जुन्या पट्ट्यांवर अनेकदा तो नसतोच. नसेल तर ‘कितीही थंड चालेल’ असा अर्थ करू नये.

आपल्या देशात दाबपात्रांचे भारतीय मानक १९६९ सालचे आहे. दाबाखालील वायूंच्या टाक्यांचे नियम १९८१ साली झाले आणि २०१६ साली ते नव्याने आले. हे नियम पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे, पेसोचे, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. दहावीनंतर काय, असे मला विचारणाऱ्या पालकांना सांगतो की, वेल्डिंगच्या जोडांची क्ष-किरणांनी व ध्वनिलहरींनी तपासणी करणे, पात्रांचे निरीक्षण करणे, हा आज एक मानाचा व्यवसाय आहे. त्याला धडधाकट शरीरापेक्षा नीट लिहिण्याची सवय आणि चौकस डोळा जास्त लागतो. मुलीही तो करू शकतात.

सभा सुरू होण्यापूर्वी एका पालकांनी विचारले होते की, नावपट्टीच हरवली असेल तर काय करायचे? त्यांचा मुलगा अशाच एका कारखान्यात आहे. अशा वेळी पोलाद कोणत्या गटाचे ते माहीत नाही, म्हणून सर्वांत हलक्या गटाचे धरतात. पत्र्याची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने बाहेरूनच मोजता येते. त्या दोन गोष्टींवरून आलेखातली मर्यादा काढतात आणि ती पात्रावर ठळक रंगवतात. मालकाला ती फार जाचक वाटली तर पत्र्याचा तुकडा काढून चार्पी चाचणी करून घेण्याचा मार्ग त्याला मोकळा असतो. काढलेल्या जागी ठिगळ लावून, तपासणी करून, पाण्याची चाचणी पुन्हा घ्यावी लागते. खर्च होतो. तोवर त्या आकड्याखाली पात्र गेले, तर दाब चढवायचा नाही आणि हे पाळीच्या वहीत वेळ घालून लिहायचे, एवढे त्या मुलाला आज रात्री फोनवरून जरूर सांगा.